बँकेतून पैसे वायर करायच्या आधी फोन करा, मी केला नाही

लाज वाटते सांगायला. मित्रांनाही इतके दिवस अर्धवटच सांगितलंय, पण परवा ओळखीतल्या एकाचं घराचं क्लोजिंग, म्हणजे पैसे भरून घर नावावर करायचा दिवस, ठरलं तेव्हा म्हटलं आता लिहूनच टाकू.

आम्ही अमेरिकेत साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनला घर घेत होतो. जुनं बंदराचं शहर, एका बाजूला ॲश्ली नदी, दुसऱ्या बाजूला कूपर आणि पुढे हार्बर. 1886 च्या भूकंपानंतर भिंती धरून ठेवायला सळया घातल्या होत्या, त्यांच्या लोखंडी चकत्या अजून जुन्या घरांवर दिसतात. आम्हाला जुन्या घराची देखभाल झेपणार नव्हती म्हणून नवीन बांधकामातलं टाउनहाउस बघितलं. इथे सगळ्यांना भीती एकच, पाण्याची. मोठ्या भरतीला कडक ऊन असतानासुद्धा सखल भागातल्या रस्त्यांवर पाणी येतं, पावसाची गरजच नाही. मग काय, मी फेमाचा, म्हणजे तिथल्या सरकारी आपत्ती खात्याचा, पूर नकाशा बघितला, घर किती उंचीवर आहे ते सांगणारं एलिव्हेशन सर्टिफिकेट मागून घेतलं, पौर्णिमेच्या भरतीला मुद्दाम जाऊन घरासमोर उभा राहिलो आणि बूट कोरडे राहिले म्हणून खूश झालो. सरकारी पूर विमा घराच्या बांधकामासाठी जास्तीत जास्त 2,50,000 डॉलरचाच मिळतो आणि कर्जासोबत नाही घेतला तर एरवी 30 दिवस थांबावं लागतं, हे सगळं पाठ झालं होतं. आमची रिअल्टर, म्हणजे घर दाखवणारी एजंट, हसून म्हणायची, एवढे प्रश्न कोणी विचारत नाही हो. मलाही जरा चढलंच होतं.

क्लोजिंग शुक्रवारी होतं. तिथे ते वकिलामार्फतच होतं. सोमवारी बँकेकडून क्लोजिंग डिस्क्लोजर, म्हणजे कर्जाचा आणि खर्चाचा शेवटचा हिशेब, आलं, त्यात आम्ही भरायची रक्कम 96,412 डॉलर. मंगळवारी सकाळी वकिलाच्या ऑफिसचा मेल आला की ऑडिट चालू असल्यामुळे नेहमीचं खातं बंद आहे, सोबतच्या नवीन खात्यात वायर करा, आज केलीत तर शुक्रवार चुकणार नाही. फाइल नंबर बरोबर, घराचा पत्ता बरोबर, रक्कम तंतोतंत, खाली नेहमीच्या बाईंची सही. संशय यायला जागाच नव्हती, निदान मला तरी आला नाही.

बायको म्हणाली, "अरे एकदा फोन करून विचार ना."

"अगं मेल आलाय ना त्यांचा, फोन कशाला परत?"

बँकेत काउंटरवरच्या मुलीनेही विचारलं होतं, खातं तुम्ही स्वतः कन्फर्म केलंय का. मी हो म्हणालो. तिने चौकटीत टिक केली. लाभार्थी म्हणून मी वकिलाच्या फर्मचं नाव लिहिलं होतं, पण तिथल्या बँका वायर खाते नंबरावर जमा करू शकतात, नाव जुळतंय का ते बघितलं जाईलच असं नाही. हे मला नंतर कळलं.

गुरुवारी संध्याकाळी खऱ्या ऑफिसचा फोन आला, पैसे अजून पोचले नाहीत, आठवण करायला केलाय म्हणे. मी म्हटलं मंगळवारीच पाठवले की. पलीकडे एकदम शांतता. मग त्यांनी मला मेलचा पत्ता एकेक अक्षर वाचायला लावला. इंग्रजी 'एम' च्या जागी 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी होते. फोनच्या स्क्रीनवर मला अजूनही फरक दिसत नाही, शप्पथ.

आणि जे कोणी म्हणतील फोन करायला हवा होतास, त्यांना सांगतो, नंबर कुठला लावता तेही बघा. त्या मेलच्या सहीत जो नंबर होता तो मी शुक्रवारी नुसता बघायला लावला, तर एका माणसाने फर्मचं नाव घेऊन अगदी अदबीने फोन उचलला. पहिल्या भेटीत हातात मिळालेल्या कार्डावरचा नंबर लावा आणि खात्याचे शेवटचे चार आकडे त्यांच्या तोंडून ऐका, आपण वाचून दाखवू नका. ऑफिस घेत असेल तर सरळ कॅशियर्स चेक, म्हणजे बँकेने स्वतः काढलेला चेक, द्या.

बँकेच्या फ्रॉड डिपार्टमेंटला त्याच रात्री कळवलं, एफबीआयच्या आयसी3 या ऑनलाइन गुन्ह्यांच्या तक्रार साइटवर तक्रार टाकली. यात पहिले दोन-तीन दिवसच काय ते कामाचे असतात आणि त्यातले दोन मी मजेत घालवले होते, पडद्याची मापं घेत. 31 हजार डॉलर अडकवता आले, बाकीचे बुधवारीच पुढे तीन खात्यांत गेले होते. कोणाचा मेलबॉक्स फुटला होता ते आजपर्यंत ठरलेलं नाही, रिअल्टर म्हणते वकिलाचा, वकील म्हणतात लोनवाल्याचा, लोनवाला म्हणतो तुमचाच असेल.

बिल्डरने दहा दिवस वाट बघितली. मेहुण्याने निम्मी रक्कम जमवली होती पण उरलेली काही जुळली नाही, घर दुसऱ्या कोणीतरी घेतलं आणि आमची अर्नेस्ट मनी, म्हणजे आधी भरलेली इसाराची रक्कम, पण गेली. चौकशी चालू आहे म्हणतात. शेवटचं पत्र येऊन चार महिने झाले.