हरिहरेश्वर ते पणजी सायकलवर: जेवण फक्कड, मेकॅनिक सोन्यासारखा, टेम्पो गायब

चिपळूण आगारात 26 वर्षं कंडक्टर होतो. निवृत्तीनंतर डॉक्टरांनी चालायला सांगितलं आणि मुलाने गिअरची सायकल आणून दिली. गेल्या जानेवारीत पुण्याच्या एका टूरवाल्यांबरोबर आठ दिवसांची सफर केली. 19,500 रुपये, सायकल स्वतःची. कंपनीचं नाव लिहीत नाही. माणसं वाईट नाहीत, म्हणून.

जाहिरातीत होतं: 'समुद्र उजव्या हाताला ठेवून निवांत सायकलिंग.' समुद्र उजव्या हाताला असतो, एवढं खरं. 'निवांत' लिहिणाऱ्याने धोपाव्याच्या जेट्टीवरून वर सायकल मारून दाखवावी. कोकणचा किनारी रस्ता सपाट नाही हो. खाडीला उतरायचं, पलीकडे जांभ्या दगडाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर, चढायचं, सडा संपला की पुढची खाडी. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, मुचकुंदी, नावं बदलतात, प्रकार तोच. त्यांच्या कागदावर रोजचे किलोमीटर होते, पन्नास, साठ, पंचाहत्तर. चढ किती, ते कुठेच नाही. माझ्याबरोबरची हिंजवडीतली पोरं साठचा आकडा बघून निर्धास्त होती. तवसाळहून बोटीने जयगडला उतरल्यावर त्यातली निम्मी सायकल हातात धरून चढत होती. मीही.

आणखी एक गोष्ट कोणीच सांगितली नव्हती, ती इथे सांगतो. पॅडवाल्या चड्डीच्या आत दुसरी चड्डी घालायची नसते. मी घातली. हर्णैला पोचेपर्यंत बुडाची सालटी निघाली. आमच्या जुन्या लाल डब्याच्या सीटने 26 वर्षांत केलं नाही ते एका दिवसात झालं.

आता चांगलं. सगळ्यात मागे राहणारा मेकॅनिक, सांगलीकडचा विशीतला पोरगा, याच्या एकट्याचे निम्मे पैसे वसूल. दुसऱ्या दिवशी गुहागरला माझा गुडघा ठणकत होता. मी म्हटलं, वय झालं. त्याने मला सायकलवर बसवलं, पेडल खाली नेऊन पाय बघितला आणि म्हणाला, "काका, वय नाही, सीट खाली आहे." दोन बोटं वर घेतली. तिसऱ्या दिवसापासून गुडघा गप्प. वेळणेश्वरच्या आधी एकाची गिअरची केबल तुटली, ती त्याने रस्त्याकडेला बसून बदलली. आठ दिवसांत कोणाला 'चला, उशीर होतोय' म्हणाला नाही.

उशीर मात्र रोज व्हायचा. सहाला निघायचं ठरायचं, सव्वासातला चाकं हलायची. जानेवारीत सकाळी हवा मस्त असते, पण दहानंतर सड्यावर झाड नाही, सावली नाही, खालून जांभा तापतो. तो सव्वा तास दुपारी बारा वाजता वसूल होतो. वेळापत्रक पाळायचं नसेल तर छापता कशाला?

माणसं मोजायचीही पद्धत नाही. तवसाळला बोट लागली, सायकली चढल्या, लीडर म्हणाला चला. मला सवय, मी मोजली. सतरा. आम्ही अठरा होतो. नाशिकच्या एक बाई हेदवीला दशभुज गणपतीच्या दर्शनाला वळल्या होत्या आणि फोनला रेंज नव्हती. बोटवाल्याला विनवून थांबवलं. त्या दहा मिनिटांत आल्या, प्रसाद घेऊन. त्या दिवसापासून डबल बेल माझ्याकडे होती.

पण खरी तक्रार टेम्पोची. सामान, पाणी, केळी, इलेक्ट्रल सगळं त्यात. पाचव्या दिवशी आडिवऱ्याहून जैतापूर, विजयदुर्ग करत देवगड गाठायचं होतं. ड्रायव्हरने आपल्या सोयीने हायवे धरला आणि तळेऱ्यावरून परस्पर देवगडला जाऊन झोपला. आम्ही गिर्ये गावाजवळ भर दुपारी कोरड्या बाटल्या घेऊन. पायात गोळे आलेली दोन माणसं रस्त्याकडेला आडवी. शेवटी एका घराच्या खळ्यात शिरलो. आजींनी कळशीभर पाणी आणि गूळ पुढे ठेवला. सायकलीने गोव्याला चाललोय म्हटल्यावर माझ्या पिकल्या केसांकडे बघून म्हणाल्या, "कित्याक? येष्टी बंद पडली काय?" मी कोण होतो ते त्यांना सांगितलं नाही.

संध्याकाळी लीडरने माफी मागितली, मनापासून मागितली. पण सहाव्या दिवशीही टेम्पो आचऱ्याला तासभर उशिरा.

जेवणाला नावं ठेवायला जागा नाही. पहिल्या सकाळचा ब्रेड-जॅम सोडा, तो हरिहरेश्वरला बसून खाणं म्हणजे पाप. पुढे सगळीकडे घरगुती उतरायची सोय होती. गुहागरला उकडीचे मोदक, आडिवऱ्याला कुळथाची पिठी आणि भात, मालवणला सुरमई. शाकाहारी मंडळींना तिथे काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या, आणि मला वाटतं जास्त चैन त्यांचीच झाली.

आरे-वारेचा रस्ता मी शेकडो वेळा गाडीतून बघितला होता, तिकिटं फाडता फाडता. सायकलवरून उतारावर समुद्र एकदम अंगावर येतो. तिथे मी फोटोसाठी थांबलो नाही, ब्रेक सोडले.

तेरेखोलहून केरीला शेवटची बोट. अठरा मोजली, पूर्ण.

ज्यांनी एखादा घाट सायकलने चढलेला आहे त्यांनी डोळे झाकून जावं. पाच पैकी साडेतीन. पुढच्या जानेवारीच्या बॅचसाठी त्यांचा फोन आला होता, जुन्या माणसांना दोन हजार सूट आहे म्हणे. मी विचारलं, टेम्पो कुठल्या रस्त्याने येणार? विचारून सांगतो म्हणाले. तीन आठवडे झाले.