सॅम्पल मरून होतं, ड्रिलची भुकटी लाल होती

कोल्हापुरात माझं स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. तोंड पश्चिमेला. उन्हाळ्यात दुपारी तीननंतर ऊन थेट काउंटरवर येतं, दर्शनी वह्यांची कव्हरं महिन्याभरात विटतात. म्हणून यंदा मार्चमध्ये कापडी ऑनिंग बसवायचं ठरवलं. हँडल फिरवलं की छत पुढे येतं, उलटं फिरवलं की गुंडाळलं जातं, तसलं. ३४,००० रुपये घातले. मे संपायच्या आत ते खाली आलं.

ऑनिंग बसवून देणारा गडी बोलायला गोड होता. ‘काका, आधी कापड बघा, भावाचं नंतर बोलू’ म्हणत त्यानं सॅम्पलचं पुस्तक काउंटरवर उघडलं. मरून रंगाचा एक तुकडा काढला, कात्रीनं त्याची कड कापली आणि धागे सोडवून दाखवले. ‘आतपर्यंत मरून आहे बघा. सूत काढायच्या आधीच रंग मिसळलेला असतो, उन्हानं उडत नाही.’ हे त्यानं सांगितलं ते खरंच होतं. ऑनिंगचं चांगलं ॲक्रेलिक कापड तसंच असतं. माहिती खरी दिली म्हणून मी माणूसही खरा धरला, तिथं गंडलो.

कोटेशन व्हॉट्सॲपवर आलं. ‘१२ बाय ५ फूट, इम्पोर्टेड फॅब्रिक, हेवी क्वालिटी, ५ वर्षं वॉरंटी.’ कापड कसलं ते नाही, त्याचं वजन नाही, भिंतीत कशानं आणि कुठं बसवणार ते नाही. मी ‘ओके’ टाकून मोकळा. पक्कं बिल हवं तर १८ टक्के वर पडतील म्हणाला, मी नको म्हणालो. लिहायला लाज वाटते, पण ते सहा हजार वाचवायचा मोह माझाच. २०,००० ॲडव्हान्स यूपीआयनं पाठवताना नाव भलतंच दिसलं. विचारलं तर ‘मेव्हण्याचं खातं आहे, काका.’

आठ दिवसांचा वायदा पाच आठवड्यांवर गेला. मग एका संध्याकाळी साडेसातला दोन पोरं टेम्पो घेऊन हजर. ट्यूबलाइटच्या उजेडात कापड मरूनच दिसत होतं. ड्रिल सुरू झालं आणि पायरीवर लाल भुकटीचा ढीग पडायला लागला. ती भुकटी मी स्वतःच्या हातानं झाडून काढली बरं का! लाल भुकटी म्हणजे वीट. काँक्रीटच्या बीमला भोक पाडलं की राखाडी पडते. ऑनिंगचा सगळा भार भिंतीवरच्या ब्रॅकेटवर येतो, आणि छत जितकं पुढे तितकी त्या बोल्टांना ओढ जास्त. त्यासाठी बीममध्ये अँकर फास्टनर, म्हणजे काँक्रीटमध्ये घट्ट रुतून बसणारे लोखंडी बोल्ट लागतात. यांनी विटेत प्लॅस्टिकच्या गट्ट्या घालून स्क्रू पिळले. बीम तिथून जेमतेम वीतभर वर होता, पण तिथं बसवायचं तर दुकानाचा बोर्ड हलवावा लागला असता, आणि पोरांना घाई होती. उरलेले १४,००० रोख मागितले, मी गल्ल्यातून काढून दिले.

मेमध्ये एका दुपारी वळीव भरून आला. ‘पावसात बिनधास्त उघडं ठेवा’ असं सांगितलेलं, म्हणून ठेवलं. पाणी पुढं वाहून जाईना, कापडाला मधोमध पोट सुटलं. झाडूच्या दांड्यानं खालून ढकलून एकदा पाणी उडवलं. दुसऱ्यांदा दांडा लावतोय तोच वर कचकन आवाज झाला आणि उजवीकडचं ब्रॅकेट गट्ट्यांसकट बाहेर आलं. झेरॉक्सला आलेली कॉलेजची मुलगी दोन पावलं आत होती म्हणून बरं. बाहेर तिच्या स्कूटीचा आरसा फुटला, तो मी भरून दिला.

नंतर एका जुन्या फॅब्रिकेटरनं समजावलं. ५ फूट पुढं येणाऱ्या छताला सव्वा फूट तरी उतार लागतो. माझ्याला अर्धा फूटही नव्हता. शिवाय हे हँडलवालं ऑनिंग मुळात उन्हासाठी, वारं सुटलं की गुंडाळून ठेवायचं.

फोन केला तर, ‘काका, वादळ ही नैसर्गिक आपत्ती, वॉरंटीत बसत नाही.’ दुसऱ्या दिवसापासून नंबर बंद. कार्डावरच्या पत्त्यावर मोबाइल रिचार्जचं दुकान निघालं. त्याच कार्डावरचा जीएसटी नंबर तेव्हा पहिल्यांदा नीट मोजला, १४ अक्षरं. खरा नंबर १५ अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातला २७ नं सुरू होतो. जीएसटीच्या साइटवर कुणालाही तपासता येतो, फुकटात.

आणि ते कापड. कड कापून बघितली, धागे आतून पांढरे. एक फूट बाय एक फूट तुकडा शेजारच्या सराफाच्या काट्यावर टाकला. ऑनिंगचं ॲक्रेलिक चौरस मीटरला ३०० ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे एवढ्या तुकड्याला २८ यायला हवेत. काट्यानं १७ दाखवले. सराफ म्हणाला, ‘एवढी घट तर आम्हीबी धरत नाही हो!’

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगातही जाणार. घटनेपासून २ वर्षांच्या आत जाता येतं आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. बिल नाही, पण यूपीआयची नोंद आणि चॅट आहे. रोख दिलेल्या १४,००० ना मात्र साक्षीदार फक्त माझी बायको. मोडका सांगाडा माळ्यावर ठेवलाय, भंगारवाल्याला दिला नाही. तुमच्यावर अशी वेळ आली तर तुम्हीही देऊ नका. आणि काम देण्याआधी सॅम्पलचा तुकडा कापून कोटेशनला स्टेपल करा, त्यावर त्याची सही घ्या. काम दिवसाउजेडी करून घ्या, आणि ड्रिल चालू असताना चहा सांगायला जाऊ नका, खाली काय पडतंय ते बघा.

परवा दुसरा एक ऑनिंगवाला आला. यानंही पुस्तक उघडलं. मी निळा तुकडा निवडला, कात्री आणि पेन पुढं केलं आणि म्हणालो, यातला अर्धा मला द्या, त्यावर सही करा. ‘उद्या येतो काका, साहेबांना विचारून,’ म्हणाला. अजून आलेला नाही.