गावातली झेडपी शाळा की तालुक्याची इंग्रजी शाळा: एकाच घरातून पाहिलेल्या दोन शाळा

मार्च उजाडला की ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, "पोराला पहिलीला कुठं घालू?" निवड बहुतेक वेळा दोन शाळांमधली असते. एक गावातली जिल्हा परिषदेची, दुसरी तालुक्याच्या गावची विनाअनुदानित इंग्रजी माध्यमाची, जिची व्हॅन सकाळी पारापाशी येऊन थांबते. आमच्या एकत्र घरात दोन्ही शाळा नांदतात. थोरल्या भावाची मुलगी व्हॅननं जाते, माझा मुलगा चालत गावातल्या शाळेत जातो. दोघांमध्ये एका इयत्तेचं अंतर. त्यामुळे फी, गणवेश, इमारत या तुम्हाला माहीत असलेल्या गोष्टी सोडून, रोज घरात जे दिसतं तेवढंच लिहितो.

आधी इंग्रजी शाळेची जमेची बाजू, कारण ती खरोखर मोठी आहे. तिथे प्रत्येक इयत्तेला स्वतंत्र बाई आहेत. पुतणीच्या वर्गात तास वेळेवर होतात, चाचणीचे पेपर तपासून वेळेत हातात येतात. ती स्टेजवर न अडखळता बोलते, पाहुण्यांसमोर इंग्रजी कविता म्हणते. माझा मुलगा अजून आईच्या मागे लपतो. धीटपणा स्वभावाचाही भाग असतो हे मान्य, पण त्या शाळेचा त्यात वाटा आहे, हे नाकारणं बरोबर होणार नाही.

आता आमच्या झेडपी शाळेचं उणं. शाळा दोनशिक्षकी आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात, मग वर्ग चार असोत की पाच. म्हणजे एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी. दोन्ही शिक्षक हजर असले की हे छान चालतं. गुरुजी पहिलीला काड्यांचे गठ्ठे बांधायला बसवतात आणि तेवढ्यात दुसरीकडून वाचून घेतात. दुसरीतली मुलं पहिलीच्या मुलांना सांगतात, त्यात त्यांचंही पक्कं होतं. पण एक जण प्रशिक्षणाला किंवा केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेला गेला की उरलेल्या एकावर चारही वर्ग येतात. त्या दिवशी मुलं शाळेत सांभाळली जातात, शिकवणं फारसं होत नाही. त्यात ऑनलाइन माहिती भरण्याचं काम. कायद्याच्या कलम 27 नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून दुसरं अशैक्षणिक काम शिक्षकाला देता येत नाही. तरी आमच्या बाई मधल्या सुट्टीत मोबाइलवर आकडे भरताना दिसतात आणि मुलांचा वेळ त्यात जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. सुधारणेची पहिली जागा विचाराल तर मी हीच सांगेन. स्वच्छतागृहाच्या पाण्याचा प्रश्न त्यानंतर.

एवढं उणं दिसत असूनही आम्ही मुलाला तिथेच घातलं, आणि त्याचं कारण संध्याकाळचा गृहपाठ.

पुतणी पहिलीत असताना रोज दिवेलागणीला घर तिच्या वहीभोवती गोळा व्हायचं. डायरीतली सूचना इंग्रजीत. वहिनी बारावी झालेली, हुशार, पण मराठी माध्यमातली. भाऊ कारखान्यावरून उशिरा येतो. प्रश्नांची उत्तरं वर्गात फळ्यावरून उतरवून आणलेली असायची आणि ती तशीच पाठ करायची असायची. अक्षर मोत्यासारखं, वहीत सगळीकडे लाल बरोबरच्या खुणा. पण त्याच ओळीतला एखादा शब्द दुसरीकडे दाखवला की तिला वाचता यायचा नाही. गणितात तर जास्त जाणवायचं. वजाबाकी ती झटकन करायची. तीच वजाबाकी शाब्दिक उदाहरणात आली की थांबायची. कुणीतरी उदाहरण मराठीत सांगितलं की उत्तर लगेच तोंडात. मुलीला गणित येत होतं, समोर काय विचारलंय ते कळत नव्हतं. वर्गात असं मराठीत सांगायला शेजारी कुणी नसतं.

शाळेत जाऊन बोललो तेव्हा उत्तर मिळालं, "शिकवणी लावा." पहिलीच्या मुलीला शिकवणी. व्हॅनमधून उतरायची, दूध प्यायची आणि मागच्या गल्लीत शिकवणीला जायची. मला खटकलं ते पैशापेक्षा वेगळं होतं. वर्गात जे शिकवायचं ते शाळेनं घरावर सोपवलं होतं आणि आमच्या घराला ते पेलत नव्हतं. ज्या घरात आईवडील दोघंही इंग्रजीतून शिकलेले आहेत, तिथे कदाचित ही अडचण येणार नाही. सगळ्याच इंग्रजी शाळा अशा असतात असंही मी म्हणत नाही.

मुलाच्या संध्याकाळी वेगळ्या आहेत. गृहपाठ थोडा असतो. शाळेच्या पेटीतून तो गोष्टीचं पातळ पुस्तक आणतो आणि माझ्या आईसमोर बसून मोठ्यानं वाचतो. आई चौथी शिकलेली. तो अडखळला की ती भाकरी थापता थापता सांगते, आणि पुढं काय झालं म्हणून विचारते. या घरातलं सगळ्यात मोठं माणूस त्याच्या अभ्यासाला उपयोगी पडतं. माझ्या दृष्टीनं निवड तिथेच झाली.

इंग्रजीची काळजी मलाही आहे. पण महाराष्ट्रात मराठी शाळांतही 2000 सालापासून पहिलीला इंग्रजी विषय आहे आणि बऱ्याच झेडपी शाळांनी सेमी-इंग्रजी घेतलं आहे, म्हणजे गणित इंग्रजीतून. बोलण्याचा सराव मात्र तिथे कमी पडतो. ते आम्ही घरी थोडंफार बघतो आणि पुढं पाचवीनंतर जास्त लक्ष घालावं लागेल असं दिसतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 सुद्धा शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा असंच सांगतं. धोरणाच्या आधारावर मी ठरवलं नाही, पण ते वाचून बरं वाटलं.

आणखी एक फरक पालकांच्या हातात काय उरतं याचा. झेडपीच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात 75 टक्के सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. विनाअनुदानित शाळांना ही समिती बंधनकारक नाही. तिथे पालक-शिक्षक संघ असतो आणि 2011 च्या शुल्क विनियमन कायद्यामुळे फी ठरवताना त्याला महत्त्व आहे, पण वर्गात काय चाललंय यावर बोलायला आम्हाला तिथे वाव मिळाला नाही. गावातल्या समितीत टाकीच्या नळांचा विषय आयांनी लावून धरला आणि नळ बसले. पुस्तकांची पेटी कपाटातून बाहेर काढायचंही तिथेच ठरलं. अर्थात समिती फक्त सह्यांपुरती असेल तर याचा काही उपयोग नाही, आणि अशाही शाळा मी पाहिल्या आहेत.

तुम्ही ठरवताना भिंतीवरचे तक्ते आणि शाळासिद्धीची, म्हणजे शाळांच्या सरकारी मूल्यमापनाची, श्रेणी यांवर फार जाऊ नका. शाळासिद्धीत 7 क्षेत्रं आणि 46 मानकं आहेत, शाळेला स्वतःकडे बघायला ती चांगली आहेत, पण त्यात आधी शाळेनं स्वतःच स्वतःला गुण द्यायचे असतात. त्यापेक्षा साध्या दिवशी, कार्यक्रम नसताना, दोन्हीकडे जा. तिसरीतल्या दोन-चार मुलांना त्यांनी न पाहिलेली छोटी गोष्ट वाचायला द्या, ज्या माध्यमात शिकतात त्यातच. वाचून झाल्यावर गोष्टीत काय झालं ते विचारा. मग हातच्याची एक वजाबाकी घाला. मुलांना वाचता-मोजता किती येतं हे तपासणाऱ्या 'असर'च्या पाहणीत गावोगाव साधारण हेच करून बघतात आणि त्याला दहा मिनिटंही लागत नाहीत. पुस्तकांची पेटी उघडायला सांगा. पुस्तकं कोरी करकरीत असतील तर ती मुलांच्या हाती जात नाहीत असं समजा. इंग्रजी शाळेत एवढं नक्की विचारा, की गेल्या वर्षभरात पहिलीच्या वर्गशिक्षिका किती वेळा बदलल्या. पुतणीच्या वर्गाला वर्ष संपेपर्यंत नव्या बाई आल्या होत्या. कमी पगारात त्या तरी किती दिवस टिकणार?

झेडपीत विचारायची गोष्ट म्हणजे पुढच्या वर्षीची संचमान्यता काय आहे, म्हणजे पटावरून शिक्षकांच्या किती जागा मंजूर आहेत, आणि कुणाची बदली होणार आहे का. दोनपैकी एक जागा रिकामी राहणार असेल, तर मी स्वतःसुद्धा पुन्हा विचार करेन. एक माणूस चार वर्गांना कितीही तळमळीनं शिकवत असला तरी पुरा पडत नाही. अशा वेळी तालुक्याची शाळा, निदान तिसरीपर्यंत, चालवून घ्यायला हरकत नाही. दोन्ही शिक्षक जागेवर असतील आणि त्यातला एक जरी मुलांकडून रोज वाचून घेणारा असेल, तर मात्र व्हॅनचा फार विचार करू नका. आमच्या धाकटीचं नाव या जूनमध्ये आम्ही गावातच घालतोय.