वॅगनआर सीएनजी : गाडी चांगलीच आहे, पण ऑन-रोडचा कागद ओळ न् ओळ वाचून घ्या

२०२५ च्या दिवाळी पाडव्याला वॅगनआर व्हीएक्सआय सीएनजी घेतली, एमएच-११ पासिंग, साताऱ्यातच. आता बऱ्यापैकी चालवून झाली आहे म्हणून लिहितोय. गाडीचे रिव्ह्यू ढिगाने मिळतात, पण शोरूममध्ये टेबलावर बसल्यावर पैसे कुठून कुठून निघतात ते फार कमी लोक सांगतात, आणि माझ्या मते खरा रिव्ह्यू त्याचाच व्हायला पाहिजे.

२२ सप्टेंबर २०२५ ला, ऐन घटस्थापनेच्या दिवशी, छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला, आधी २८ आणि वर १ टक्का सेस होता. त्यामुळे दसरा-दिवाळीला शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, आणि गर्दी असली की घाई करायला लावतात, "सर आज बुकिंग नाही टाकलं तर पाडव्याला डिलिव्हरी अवघड आहे" वगैरे. त्या घाईत पुढे येतो तो कोटेशनचा कागद. शोरूमचं नाव लिहीत नाही कारण आसपास चौकशी केली तर थोड्याफार फरकाने सगळीकडे तेच.

कागदावर वर एक्स-शोरूम, साडेसहा लाखांच्या आसपास, ती सगळीकडे सारखीच. त्याखाली इन्शुरन्स, आरटीओ, अ‍ॅक्सेसरीज किट, एक्स्टेंडेड वॉरंटी, टेफ्लॉन कोटिंग, फास्टॅग आणि शेवटी हँडलिंग चार्जेस. आमची ही पतसंस्थेत अकाउंट बघते, तिने पेन काढलं आणि एकेका ओळीवर टेकवत विचारायला सुरुवात केली. "दादा, हे हँडलिंगचे पैसे कशाचे, आणि ह्याची जीएसटीसकट पावती कोणाच्या नावाने मिळणार?" पोरगा म्हणाला मॅडम ते कंपल्सरी आहे. "मग कंपल्सरी आहे असं ह्याच कागदावर लिहून सही-शिक्का द्या." तो आत मॅनेजरकडे गेला, पाच मिनिटांनी बाहेर आला आणि ती ओळ गुपचूप खोडली. अ‍ॅक्सेसरीज किट पण निघालं, मॅट आणि मडफ्लॅप तेवढे ठेवले. कोटिंग काढून टाकलं. आवाज चढवायची गरज लागत नाही, लेखी मागितलं की बऱ्याच गोष्टी आपोआप ऐच्छिक होतात.

आरटीओ टॅक्सचं गणित मात्र स्वतः करून जा. महाराष्ट्रात १० लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, सीएनजीला आधी ७ होता तो जुलै २०२५ पासून ८ झाला. म्हणजे ६ लाख ४० हजाराच्या सीएनजी गाडीला ५१ हजाराच्या आसपास, आणि साडेपाच लाखाच्या पेट्रोलला ६० हजाराच्या वर. महाग गाडीला टॅक्स कमी, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. रजिस्ट्रेशन, स्मार्ट कार्ड, लोनचा बोजा चढवायची फी हे वर थोडं लागतं, पण कागदावर आरटीओच्या नावाखाली गोल आकडा दिसला की फोड मागा.

आता इन्शुरन्स, सगळ्यात जास्त पैसे इथे वाचतात. नवीन गाडीला थर्ड पार्टी (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा) एकदम ३ वर्षांचा घ्यावाच लागतो आणि त्याचा रेट सरकारने ठरवलेला आहे, मी घेतली तेव्हा १००० सीसीच्या आतल्या गाडीला ६५२१ रुपये अधिक जीएसटी होता. वॅगनआरचं हे इंजिन ९९८ सीसीचं, म्हणजे त्यातच बसतं. तेवढी रक्कम कुठूनही घ्या तीच राहणार, फरक पडतो तो ओन डॅमेज (आपल्याच गाडीचं नुकसान) आणि अ‍ॅड-ऑनमध्ये. मी झिरो डेप (क्लेममध्ये घसारा कापत नाहीत) आणि रिटर्न टू इनव्हॉइस (गाडी पूर्ण गेली तर बिलाची किंमत मिळते) धरून बाहेरून तीच कव्हर घेतली, आयडीव्ही म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत पण तेवढीच ठेवून, आणि शोरूमच्या आकड्यापेक्षा बारा-तेरा हजार कमी लागले. आमच्याकडून नाही घेतला तर कॅशलेस होणार नाही असं सांगतात, पण कॅशलेस, म्हणजे बिल थेट कंपनीने भरणं, हे इन्शुरन्स कंपनीचं आणि त्या वर्कशॉपचं टायअप असतं, तेवढं आधी फोन करून विचारून घ्यायचं. आणि सीएनजीवाल्यांनी पॉलिसीवर फ्युएल टाइप सीएनजीच छापलंय का ते नक्की बघा, नाहीतर क्लेमच्या वेळी अडवायला कारण मिळतं. स्वतःच्या नावावरची जुनी गाडी विकून ही घेणार असाल तर नो क्लेम बोनसचं (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) सर्टिफिकेट काढून घ्या, तो बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो, त्याच मालकाच्या नवीन गाडीला लागू होतो.

लोनला शोरूमच्या फायनान्सवाल्याने "फक्त ५ टक्के सर" असं सांगितलं. हे ऐकून माणूस खुश होतो कारण बँक ९ सांगते. पण तो ५ फ्लॅट असतो, म्हणजे तुम्ही हप्ते फेडत असलात तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण रकमेवर. ५ लाखाला ५ वर्षं फ्लॅट ५ म्हणजे सव्वा लाख व्याज, ईएमआय १०,४१७. बँकेच्या रिड्यूसिंग (फक्त उरलेल्या रकमेवर व्याज) ९ टक्क्याने तेच ५ लाख ५ वर्षांना घेतले तर ईएमआय १०,३७९. म्हणजे ऐकायला ५ असलेला रेट ९ पेक्षा महाग निघाला. ऑक्टोबर २०२४ पासून आरबीआयने सगळ्या रिटेल लोनला की फॅक्ट स्टेटमेंट देणं सक्तीचं केलंय, त्यात एपीआर म्हणून वर्षाच्या खऱ्या खर्चाचा टक्क्यातला एक आकडा असतो, प्रोसेसिंग फी वगैरे सगळं धरून. दोन ठिकाणचे एपीआर शेजारी ठेवा, विषय संपला. मुदत पण विचार करून घ्या, तेच ५ लाख ७ वर्षांना घेतले तर ईएमआय ८,०४५ वर येतो पण एकूण व्याज सव्वा लाखाच्या आतून पावणेदोन लाखाच्या वर जातं. आम्ही ५ वर्षंच घेतली. मुदतीआधी फेडायचं असेल तर चार्ज किती ते पण आधीच विचारा, कार लोन बऱ्याचदा फिक्स्ड रेटचं असतं आणि तिथे चार्ज लागू शकतो.

डिलिव्हरीच्या आधी, म्हणजे पासिंगच्या पण आधी, यार्डात जाऊन गाडी बघा. चासी नंबर कागदाशी जुळवायचा, किलोमीटर बघायचे, आणि टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात ते वाचायचे, ३४२५ असेल तर २०२५ चा ३४ वा आठवडा. पाचही टायर बघा, स्टेपनी सोडू नका. आमचे सगळे तीन-चार आठवड्यांच्या फरकातले निघाले, मग निर्धास्त.

गाडी कशी आहे? आमच्यासाठी एकदम योग्य. आण्णांचे गुडघे दुखतात, त्यांना खाली वाकून बसायच्या गाडीत त्रास व्हायचा, ह्यात सीट उंच असल्याने सरळ बसतात सरळ उतरतात, आधार लागत नाही. शहरात गाडी हलकी, दिसतं चांगलं, पार्किंगला सोपी. कागदावर अ‍ॅव्हरेज किलोला ३४.०५ आहे, मला सातारा-वाई आणि अधूनमधून पुणे धरून २७-२८ पडतंय, एसी लावून. घाटात सीएनजीवर दम कमी असतो हे कुठल्याही सीएनजी गाडीचं आहे, पुण्याहून येताना खंबाटकीला चौघं असलो की सेकंडला यावं लागतं, पसरणीला मी सरळ पेट्रोलवर टाकतो. डिकीत टाकी असते त्यामुळे लग्नाला जायचं तर बॅगा मांडीवर, हे डोक्यात धरूनच घ्या. दर ३ वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट (टाकी दाब सहन करते का त्याची तपासणी) करून घ्यावी लागते, तो खर्च पण धरा.

सेफ्टीचं स्पष्ट लिहितो. २०२३ ला ग्लोबल एनकॅपने (गाड्यांची धडक-चाचणी करणारी संस्था) टेस्ट केली तेव्हा मोठ्यांसाठी १ स्टार आणि लहान मुलांसाठी शून्य आला होता, तेव्हा गाडीत दोन एअरबॅग होत्या. आता सहा येतात, ती चांगली गोष्ट आहे, पण बॉडी तीच आहे. आम्ही मागे बसणाऱ्यांना पण बेल्ट लावल्याशिवाय गाडी हलवत नाही आणि हायवेला ८० च्या वर नेत नाही. ज्यांचं रोज एक्सप्रेसवेवर जाणं आहे त्यांना मी ही गाडी सुचवणार नाही, बजेट थोडं ताणून चांगल्या रेटिंगची घ्या.

आणि सीएनजी घ्यावी का पेट्रोल? मी घेतली तेव्हा दोन्हीत ९० हजाराच्या आसपास फरक होता, टॅक्समध्ये थोडा भरून येतो, राहतात ८० हजार. तेव्हाच्या दराने पेट्रोल १०४-१०५ आणि अ‍ॅव्हरेज २० धरलं तर किलोमीटरला सव्वापाच रुपये, सीएनजी नव्वदीच्या आसपास धरून सव्वातीन-साडेतीन. म्हणजे ४०-४५ हजार किलोमीटरनंतर पैसे वसूल. महिन्याला हजार-बाराशे किलोमीटर फिरणं असेल आणि पंप जाण्यायेण्याच्या वाटेवर असेल तर डोळे झाकून सीएनजी घ्या, रविवारी फक्त मंडई आणि देवदर्शन असेल तर पेट्रोल घ्या, डिकी पण पूर्ण मिळेल आणि रांगेत उभं राहायचं पण वाचेल.