३४० डॉलरला घेतलेला एक सेंट

लाज वाटत होती म्हणून दोन महिने गप्प होतो. पण परवा ओळखीतल्या एका मुलानं फोटो पाठवला, "काका, व्हीट पेनीचे रोल मिळतायत, कुणी न चाळलेले, घेऊ का?" आणि माझं डोकं फिरलं. व्हीट पेनी म्हणजे अमेरिकेचं जुनं एक सेंटचं नाणं, आणि रोल म्हणजे कागदात गुंडाळलेली त्यांची वळी. नावं घेणार नाही. आकडे मात्र सगळे देतो.

मी न्यू जर्सीत २२ वर्षं आहे. नाण्यांचा नाद वडिलांचा. त्यांचा भोकाचा पैसा अजून माझ्या डब्यात आहे. १९४३ साली युद्धात तांबं वाचवायला आपल्याकडच्या पैशाला भोक पडलं, आणि त्याच वर्षी, त्याच कारणानं अमेरिकेनं पेनी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाची काढली. हे कळलं त्या दिवसापासून व्हीट पेनीनं मला धरलं. एका बाजूला लिंकन, दुसऱ्या बाजूला गव्हाच्या दोन ओंब्या, १९०९ ते १९५८. बहुतेक वर्षांची नाणी चिल्लरीच्या भावात मिळतात, म्हणून तर नाद परवडतो. मोजकीच दुर्मीळ. सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीचं 'एस' अक्षर असलेलं १९०९चं व्हीडीबी, म्हणजे मागे शिल्पकाराची ही आद्याक्षरं असलेलं, जेमतेम ४ लाख ८४ हजार पाडलेलं. आणि १९१४-डी, डेन्व्हरच्या टांकसाळीचं, 'डी' अक्षराचं.

२०२५च्या नोव्हेंबरात फिलाडेल्फियात चलनातली शेवटची पेनी पाडली, बातम्या झाल्या, आणि ज्याला त्याला आजोबांची बरणी आठवायला लागली. जानेवारीत एका हॉटेलच्या हॉलमध्ये नाण्यांचं प्रदर्शन होतं, तिथे गेलो. टेबलामागे साठीचा गोड माणूस. आधी रोल दाखवले, ५० नाण्यांचा एक, ४० डॉलर. कागदाच्या टोकाला १९०९चं नाणं डोकावत होतं. तीन घेतले, १२० डॉलर. आत काय निघालं असेल ते जाणकारांना सांगायला नको. सगळी १९४०-५०च्या दशकांतली, झिजलेली, आणि टोकाचं ते १९०९ साधं, कुठल्याही खोक्यात सापडणारं. टोकाला चांगलं नाणं दिसतंय याचा अर्थच कुणीतरी ते तिथे ठेवलंय. हे मला ठाऊक होतं. तरी घेतले.

पण ते घरी आल्यावर कळलं. तिथे तर मी खूश होतो, आणि त्यानं तेवढं ओळखून खिशातून काढावं तसं १९१४-डी काढलं. भाव ४२५ सांगितला, ३४० वर आला. मी काही आंधळेपणानं घेतलं नाही हो! भिंग माझं स्वतःचं होतं, दहापटीचं. 'डी' नीट पाहिला. चिकटवलेला नव्हता. रंग एकसारखा तपकिरी. मग भिंग लिंकनच्या खांद्यावर नेलं, आणि कोटाच्या कडेला तीन बारीक अक्षरं दिसली. व्हीडीबी. शिल्पकार व्हिक्टर डेव्हिड ब्रेनरची आद्याक्षरं. मला काय वाटलं असेल? आनंद झाला! व्हीडीबी म्हटलं की महाग, एवढंच डोक्यात बसलेलं. मी मोठ्यानं म्हणालोसुद्धा, "अक्षरं किती स्वच्छ आहेत!" तो हसला. ते हसू मला अजून झोपू देत नाही.

१९०९च्या ऑगस्टमध्ये ती अक्षरं मागच्या बाजूवरून काढून टाकली आणि खांद्यावर आली ती १९१८ साली. मधल्या काळातल्या नाण्यावर ती असूच शकत नाहीत. माझं नाणं म्हणजे १९४४-डी, पहिल्या ४ चा १ केलेला. म्हणूनच ९ आणि १ यांच्यामध्ये नको तेवढी फट होती, तीही मी पाहिली आणि 'जुनी छपाई' म्हणून सोडून दिली. पुरावा डोळ्यांसमोर होता आणि मी त्याचंच कौतुक करत उभा होतो.

ग्रंथालयातल्या क्लबमधल्या एका म्हाताऱ्यानं चार सेकंदांत सांगितलं. मला पटेना. ६३ डॉलर ५० सेंट भरून तपासणीला पाठवलं, 'फेरफार केलेलं' असा शेरा घेऊन परत आलं. एकूण ५२३ डॉलर ५० सेंट. रुपयांतला हिशेब बायकोनं केला, तो इथे देत नाही.

पैसे मी फोनवरून थेट त्याच्या खात्यात टाकले होते. हा गाढवपणा तुम्ही करू नका, क्रेडिट कार्ड घेत नसेल तर टेबल सोडा. बँकेत गेलो तर म्हणे व्यवहार तुम्हीच मंजूर केलात. पोलीस ठाण्यात काउंटरवरच्या तरुणानं नाणं हातात घेऊन विचारलं, "म्हणजे एक सेंटचं नुकसान?" मी फेडरल कायद्याचं कलम छापून नेलं होतं, नाण्यात फसवणुकीसाठी फेरफार करणं गुन्हा आहे. त्यानं ते वाचलंही नाही, हा दिवाणी मामला आहे म्हणाला. मग फेडरल सरकारच्या वेबसाइटवर तक्रार केली, पाऊण तास लागला, एक क्रमांक आला. क्रमांक अजून आहे, उत्तर नाही. प्रदर्शन भरवणाऱ्यांना तीन ईमेल केल्या. दोनांचं उत्तर नाही, तिसरीला "टेबलवाल्याशी बोलून घ्या". बोलू कुठे? त्याचा फोन बंद. पन्नास डॉलरचे शूज बदलून द्यायला इथे दुकानदार माफी मागतो, आणि उघड लुबाडणुकीला कुणी वाली नाही!

त्या मुलाला मी एवढंच लिहिलं: रोल नको. १९४३चं तांब्याचं कुणी दाखवलं तर आधी चुंबक लाव, चिकटलं तर मुलामा दिलेलं पोलाद आहे. न चिकटलं तरी नाचू नकोस, १९४८च्या ८ चा ३ करतात. वजन कर, तांब्याची पेनी ३.११ ग्रॅम. माझ्या नाण्याचं वजन मात्र अगदी बरोबर होतं, कारण १९४४चं का होईना, नाणं खरंच होतं.

ते आता डब्यात भोकाच्या पैशाशेजारी आहे. पुढच्या महिन्यात त्याच हॉटेलात पुन्हा प्रदर्शन आहे. टेबलांची यादी आली, हा बाराव्या टेबलावर आहे.