हेड खोलू नका, सेटिंग जाईल

माझं कराडला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. बावीस वर्षं झाली. शेतकरी पाणबुडी मोटार टेम्पोतून उतरवतो, मी शाफ्ट हाताने फिरवून बघतो आणि बेअरिंग गेलंय की वाइंडिंग जळालंय ते बऱ्याचदा खोलायच्या आधीच सांगतो. हे सुरुवातीलाच सांगितलं, कारण पुढचं वाचून 'याला यातलं काही कळत नसणार' असं कुणाला वाटू नये. कळत होतं. तरी माझे ५९ हजार ५०० रुपये गेले, आणि गेले ते वाकलेल्या शाफ्टवर आणि गायब बेअरिंगवर.

सुरुवात झाली भाच्याच्या खेळण्यातल्या हेलिकॉप्टरने. एकावर एक दोन पंखे, उलट दिशेने फिरणारे, त्यामुळे ते स्वतःभोवती गरगरत नाही, बऱ्यापैकी स्थिर राहतं. छताला धडकतं, गादीवर पडतं, परत उडतं. चार दिवसांत भाचा कंटाळला आणि मी लागलो. मग पुण्याला एका रविवारी सकाळी शहराबाहेरच्या मैदानावर खरं आरसी, म्हणजे रिमोटवर उडणारं, हेलिकॉप्टर उलटं उडताना पाहिलं. पंखा जमिनीकडे, पाय आकाशाकडे. यात पंख्याचा वेग जवळजवळ तोच राहतो, बदलतो तो पात्यांचा कोन. कोन उलटा केला की तोच पंखा हवा उलट्या बाजूला फेकतो, म्हणून हेलिकॉप्टर उलटं असतानाही हवा जमिनीकडेच जाते. हे समजलं आणि त्या रात्री मला झोप आली नाही.

उडवणारे गृहस्थ माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, पण सगळे 'सर' म्हणायचे म्हणून मीही म्हणू लागलो. गोड बोलणारे. पहिल्या भेटीत विकायची भाषाच नाही. "आधी बघा, दोन-तीन रविवार या, घाई करू नका." तिसऱ्या रविवारी मीच विचारलं.

हे मार्च २०२२. नुकतंच, ९ फेब्रुवारीला, केंद्र सरकारने परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली होती. सर म्हणाले, "आता बाहेरून काहीच येणार नाही. माझ्याकडे तैवानचं ओरिजिनल टी-रेक्स ४५० आहे, एका डॉक्टरांसाठी ठेवलं होतं. तुमची आवड दिसते म्हणून देतो." ती बंदी तयार ड्रोनवर होती, सुटे भाग मागवायला मोकळीक होती, हे मी फार नंतर वाचलं. तेव्हा 'शेवटचा पीस' एवढंच डोक्यात बसलं. रिमोट, तीन बॅटऱ्या, चार्जर धरून ४२ हजार.

उडवून दाखवा म्हटलं तर त्यांनी लगेच उडवून दाखवलं. पिवळी-काळी कॅनॉपी, म्हणजे पुढचं कवच, हवेत खिळा ठोकल्यासारखं स्थिर. मी मोबाइलवर व्हिडिओही काढला. मग ते हेलिकॉप्टर घेऊन सर आपल्या गाडीकडे गेले, "बॅटरी काढून पॅक करतो" म्हणून, आणि पाच मिनिटांनी कंपनीचं खोकं माझ्या हातात दिलं. कॅनॉपी पुढच्या दोन रबरी टिकल्यांवर बसते. काढायला-घालायला दहा सेकंद पुरतात. त्या व्हिडिओतल्या हेलिकॉप्टरची शेपटीची नळी काळी आहे. माझ्या खोक्यातल्याची पांढरी, ॲल्युमिनियमची. तो व्हिडिओ मी आल्यागेल्याला निदान पन्नास वेळा दाखवला असेल, पण बघत होतो ती कॅनॉपीच.

निघताना दोन गोष्टी बजावल्या. एक, "सिम्युलेटरवर वेळ घालवू नका, तो गेम आहे, हात खऱ्यावरच बसतो." दुसरी, "हेड खोलू नका, सेटिंग जाईल." हेड म्हणजे पाती जिथे बसतात तो वरचा भाग, त्याच्या सहा स्क्रूंवर लाल ठिपके होते. "हे सील. सील तुटलं तर माझी जबाबदारी संपली."

आता यात बनवाबनवी करणाऱ्याची हुशारी बघा. स्क्रूवर रंगाचा ठिपका देणं ही खरी पद्धत आहे, स्क्रू ढिला होऊन फिरला तर लगेच दिसावं म्हणून बरेच जण देतात. हेडची सेटिंग नाजूक असते हेही खरंच. तीन सर्व्हो, म्हणजे छोट्या मोटारी, एक स्वॉशप्लेट, म्हणजे पात्यांचा कोन बदलणारी तबकडी, उचलतात, तिच्यापासून पात्याकडे जाणारी एक लिंक दोन फेरे जास्त फिरली तरी दोन्ही पाती वेगवेगळ्या पातळीत फिरायला लागतात. प्रत्येक वाक्यात पाऊण भाग खरा. उरलेल्या पाव भागात माझे पैसे गेले.

कराडला शाळेच्या मैदानावर पहाटे सहाला पहिल्यांदा उडवलं. फूटभर उचललं तोच शेपटी कुत्र्यासारखी हलायला लागली, मग ते डावीकडे कललं आणि पाती जमिनीवर आपटली. लाकडाचा ओंडका फुटावा तसा आवाज. सरांना व्हिडिओ पाठवला. पाच मिनिटांत उत्तर, "डावा अंगठा जड आहे तुमचा. सगळ्यांचं होतं. घेऊन या."

सगळ्यांचं होतं, हे तर शंभर टक्के खरं. नवशिक्याचं हेलिकॉप्टर पडणारच. या छंदात फसवणाऱ्याला इतकी मोकळी जागा मिळते ती इथेच. खराब यंत्र आणि न बसलेला हात या दोन्हींचा शेवट एकच, जमिनीवर तुकडे. सेकंडहँड मोटरसायकल खराब निघाली तर आपल्याला गाडी चालवता येत असते, म्हणून दोष गाडीचा आहे हे कळतं. इथे दोष कुणाचा हे ज्याला कळत नाही त्यालाच ते विकायचं असतं. आणि सिम्युलेटरला नाही का म्हणाले, तेही मग उमगलं. तिथे पंधरा तास घालवलेला माणूस पहिल्याच मिनिटाला म्हणाला असता, अंगठा न लावता शेपटी का हलते?

एप्रिल ते ऑगस्ट मी चार वेळा पुण्याला गेलो. मेन शाफ्ट आणि गिअर, ३ हजार ५००. पाती, सर्व्हो आणि 'फुल सेटिंग', ५ हजार २००. पुन्हा पाती, २ हजार ८००. जायरो, म्हणजे शेपटी स्थिर धरणारा सेन्सर, 'उडाला' म्हणून नवा, ६ हजार. दर वेळी पुण्याच्या मैदानावर ते दहा सेकंद हवेत धरून दाखवायचे आणि उतरवायचे. "बघा, माझ्या हातात कसं गप्प बसतं." त्यांचा हात इतका तयार होता की वाकडं यंत्रही दहा सेकंद सावरायचं. मी शरमून घरी यायचो.

पैसे यूपीआयने. रिमार्कमध्ये 'उसने परत' लिहा म्हणाले, नाहीतर टॅक्सची भानगड होते. लिहिलं. पाचही वेळा.

दिवाळीच्या साफसफाईत बायकोने ते टेबलावरून उचललं, पुसता पुसता चष्मा वर केला आणि म्हणाली,

"अहो, हे लाल काय लावलंय?"

"सील आहे ते. कंपनीचं."

"कसलं कंपनीचं! नेलपेंट आहे ही. दोन कोट मारलेत, खालचा वाळायच्या आधीच वरचा मारलाय, म्हणून सुरकुतलाय बघा."

मी काही बोलेपर्यंत तिने कपाटातून रिमूव्हरची बाटली आणि कापूस आणला होता. खरं सांगतो, सील पुसलं जाताना माझ्या पोटात गोळा आला. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या मोटारी खोलणारा मी, स्वतःची वस्तू खोलायला घाबरत होतो.

पुढचं काम दुकानात, शटर अर्धं ओढून. पहिलाच स्क्रू दीड मिलिमीटरच्या ॲलन कीने फिरवला तर त्याचं डोकं लोण्यासारखं झिजलं. असला मऊ स्क्रू ओरिजिनल मालात मी तरी नंतर कधी पाहिला नाही. मग फेदरिंग शाफ्ट निघाला, म्हणजे दोन्ही पात्यांच्या पकडी ज्याच्यावर बसतात ती छोटी आडवी दांडी. माझ्या टेबलावर काच आहे. तिच्यावर ठेवून बोटाने लोटला. सरळ शाफ्ट आवाज न करता घरंगळत जातो. हा लंगडत गेला. टक्, टक्, टक्. खाली वाकून बघितलं तर शाफ्ट आणि काच यांच्यामधली उजेडाची फट दर फेऱ्याला उघडत होती, मिटत होती. मेन शाफ्टही तसाच, जरा कमी. ज्याचे ३ हजार ५०० घेतले होते तोच. मेन शाफ्ट बदलला असता तर तो निदान चकचकीत तरी असता, याच्यावर स्क्रूच्या जुन्या खुणा दोन जागी होत्या.

शेपटी का हलायची त्याचा उलगडा तिथेच झाला. वाकलेल्या शाफ्टवर पंखा मिनिटाला दोन-अडीच हजार फेऱ्या घेणार, सगळ्या सांगाड्याला कंप सुटणार, आणि जायरोला हलणं कुठलं आणि वळणं कुठलं हेच कळेनासं होणार. तो बिचारा शेपटी सारखी दुरुस्त करत राहणार. जायरो उडाला नव्हताच.

सगळ्यात वाईट होतं ते पकडीत. एका बाजूला थ्रस्ट बेअरिंग होतं, दुसऱ्या बाजूला त्याच्या जागी नुसते दोन वॉशर. थ्रस्ट बेअरिंग कशाला असतं ते मला शिकवायची गरज नाही, पाणबुडी मोटारीत पंपाचा खालचा दाब तेच झेलतं. इथे ते पात्याची बाहेरची ओढ झेलतं. पातं तीसेक ग्रॅमचं, पण त्या वेगाला ते जी ओढ घेतं ती माझ्या हिशेबाने चाळीस किलोच्या घरात जाते. टोकाचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर. त्या मैदानावर माझ्या मागे दहा फुटांवर भाचा उभा असायचा. २०१३ साली न्यूयॉर्कमध्ये एकोणीस वर्षांचा मुलगा स्वतःचंच आरसी हेलिकॉप्टर लागून जागीच गेला. त्याचं यंत्र माझ्यापेक्षा बरंच मोठं होतं, तरी ती बातमी वाचल्यापासून पैशांचं दुःख मला दुय्यम वाटतं.

बॅटऱ्या शेवटी बघितल्या. एकीचं लेबल कोपऱ्यात उचललं होतं, ओढलं तर खाली दुसरं लेबल, कमी क्षमतेचं. फुल चार्ज करून मीटर लावला: दोन सेल ४.१७ आणि ४.१६ व्होल्ट, तिसरा ३.७१. एका पाकिटातले तीन सेल असे फाटून वागत असतील तर ती लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी चार्जला लावून झोपायची नसते, वापरायचीच नसते. मी सहा महिने तीच गादीशेजारच्या प्लगवर चार्ज करत होतो.

फोन केला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सील तोडलंत ना? मग विषय संपला." त्यानंतर फोन उचलला नाही.

पोलीस ठाण्यात गेलो. हवालदार समजूतदार होते, मोबाइलवर पाचही व्यवहार नीट वाचले. "साहेब, यात तुम्ही त्यांचे उसने पैसे परत केलेत असं दिसतंय." बिल नाही, पावती नाही, मेसेजमध्ये कुठेही 'ओरिजिनल' शब्द नाही, तो फक्त तोंडी. अर्ज घेतला, दिवाणी बाब आहे म्हणाले. ऑनलाइन पैसे गेल्या गेल्या १९३० वर फोन केला तर रक्कम मधे कुठे अडवता येऊ शकते, पण माझे पैसे जाऊन महिने झाले होते आणि मी ते मैदानात उभं राहून, हसत हसत पाठवले होते.

छंद सोडला नाही. सिम्युलेटर घेतला, तो सरांच्या एका 'सेटिंग'पेक्षा स्वस्त पडला. चार महिने पाठमोरं हेलिकॉप्टर एका जागी धरणं एवढंच केलं, मग तोंड आपल्याकडे करून, जिथे डावं-उजवं उलटं होतं आणि डोकं गरगरतं. आता कुणी घ्यायला निघालं आणि मला विचारलं तर मी काचेचा तुकडा सोबत न्यायला सांगतो. हेड विकणाऱ्यासमोरच खोलायचं, दोन्ही शाफ्ट लोटून बघायचे, नको म्हणाला तर चहा पिऊन परत यायचं. सेलचा व्होल्टेज दाखवणारा दोनशे रुपयांच्या आतबाहेरचा मीटर खिशात ठेवायचा. उडवून दाखवायला सांगायचं ते पूर्ण बॅटरीभर, दहा सेकंद नव्हे, आणि उतरल्यावर ते हेलिकॉप्टर नजरेआड होऊ द्यायचं नाही, आपणच गरम असताना उचलायचं. रिमार्कमध्ये वस्तूचं नाव लिहायचं. विकणारा टॅक्सचं कारण द्यायला लागला तर तो त्याचा टॅक्स आहे, आपला नव्हे.

मागच्या वर्षी उरलेला चांगला माल, म्हणजे रिमोट आणि दोन सर्व्हो, विकायला काढला. जाहिरातीच्या फोटोत मागे ते कंपनीचं खोकं आलं होतं. तासाभरात पहिला फोन. सर्व्होबद्दल एक शब्द नाही.

"ते मागचं खोकं आहे ना, ओरिजिनल, ते देता का? नुसतं खोकं. दोन हजार देतो. आतलं थर्मोकोल धड आहे ना तेवढं सांगा."

मी कुठून बोलताय विचारलं तर फोन ठेवला. खोकं फाडून त्याच संध्याकाळी बंबात घातलं.