नवशिक्यांसाठी भाषा बनवताय? ठोकळे, मजकूर की पायऱ्या

नवशिक्यांसाठी छोटी प्रोग्रॅमिंग भाषा करायला घेतली की बहुतेक जण आधी कीवर्ड, म्हणजे भाषेचे ठरावीक शब्द, ठरवतात. माझा आग्रह आहे, आधी एरर मेसेज, म्हणजे चूक झाल्यावर दिसणारे संदेश, लिहून पाहा. शिकणाऱ्याचा बराचसा वेळ चुकांच्या संगतीत जातो.

स्क्रॅचसारखे (एमआयटी, 2007) पडद्यावर एकमेकांत अडकवून प्रोग्रॅम बनवायचे ठोकळे घेतले, तर चुकीचा ठोकळा खाचेत बसतच नाही. स्पेलिंग, कंस, स्वल्पविराम यांची कटकट संपते. टायपिंग न येणाऱ्या लहान मुलांसाठी मी डोळे झाकून हेच निवडेन. लांबलचक गणिती सूत्र मात्र ठोकळ्यांत मांडताना जीव मेटाकुटीला येतो, आणि तुमची बरीचशी मेहनत भाषेऐवजी एडिटरवर, म्हणजे ठोकळे मांडायच्या पडद्यावर, खर्च होते. ब्लॉकली ही अशा ठोकळ्यांचा एडिटर देणारी तयार लायब्ररी वापरली, तर ती कमी होईल.

मजकुराची, म्हणजे टाइप करून लिहायची, भाषा एकट्यालाही उभी करता येते. इथे बारीकसारीक निर्णयच भारी पडतात. 'क्ष = क्ष + 1' (क्षची किंमत एकने वाढव) हे गणित शिकलेल्याला सरळसरळ खोटं वाटतं. 1964 च्या मूळ बेसिक भाषेत किंमत देताना ओळीच्या सुरुवातीला 'लेट' लिहावंच लागे; पास्कल या भाषेने ':=' हे वेगळं चिन्ह घेतलं. मला 'लेट'ची वाट पटते, कारण ती वाचून दाखवता येते. तसंच इंडेंटेशनचं, म्हणजे ओळी आत सरकवून एकत्र येणारा भाग दाखवण्याचं. पायथनने ते एबीसी या शिकवण्यासाठीच्या भाषेकडून घेतलं. दिसायला सुबक, पण टॅब आणि स्पेस मिसळले की चूक डोळ्यांना दिसतच नाही. त्यापेक्षा 'इफ' (जर) साठी 'एंड-इफ', 'व्हाइल' (जोवर) साठी 'एंड-व्हाइल' असे वेगवेगळे शेवट ठेवा. मग '4 थ्या ओळीवरचा इफ बंद केलेला नाही' असं नेमकं सांगता येतं. नुसत्या 'एंड'ने कोणता भाग उघडा राहिला, हे कळणं अवघड.

तिसरी वाट पायऱ्यांची, म्हणजे भाषा पातळीपातळीने वाढवत नेण्याची. फेलिएन हर्मन्स यांच्या हेडी या शिकाऊ भाषेत (2020) पहिल्या पातळीवर मोजक्याच आज्ञा असतात, अवतरणचिन्हंही लागत नाहीत. ती पुढे येतात. रॅकेट या प्रोग्रॅमिंग भाषेसोबतच्या शिकाऊ भाषाही अशाच टप्प्यांच्या. फंक्शन अजून शिकवलेलंच नसेल, तर एरर मेसेजमध्ये तो शब्द येतच नाही. मला ही कल्पना सर्वांत आवडते. पण प्रत्येक पातळीचं व्याकरण वेगळं, चाचण्या वेगळ्या, आणि पातळी बदलताना कालचा प्रोग्रॅम आज का चालत नाही, हेही समजावावं लागतं.

एकटे असाल आणि शिकणारे टाइप करू शकत असतील, तर मजकूर घ्या. पायऱ्या सोबतीला दोन-तीन जण असतील तेव्हाच.